बेवारस संघांचा सांभाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. संगणकावर सामने खेळवणाऱ्या बास्केटबॉल लीगचे कमिशनरपद, म्हणजे लीग चालवण्याची जबाबदारी, तू स्वीकारलेस आणि पहिल्याच आठवड्यात 30 पैकी चार संघांना जीएमच (संघाचा कारभार पाहणारा सभासद) नसल्याचे तुझ्या लक्षात आले, हे कळल्यामुळे जरा सविस्तर लिहीत आहे.

असा संघ कोणाचाच नसला, तरी त्याची हेळसांड सगळ्यांना भोवते. सामना 48 मिनिटांचा आणि मैदानावर पाच खेळाडू, म्हणजे प्रत्येक संघाला 240 मिनिटे वाटायची असतात. ती वाटणी कोणी पाहिली नाही आणि जखमी पॉइंट गार्ड तसाच पहिल्या पाचांत राहिला, तर संघ जिंकण्याजोगे सामनेही हरतो. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगसारखे 82 सामन्यांचे वेळापत्रक असेल, तर तो आपल्या डिव्हिजनमधल्या, म्हणजे छोट्या गटातल्या, प्रत्येकाशी चार वेळा आणि दुसऱ्या कॉन्फरन्समधल्यांशी, म्हणजे लीगच्या दुसऱ्या अर्ध्या भागातल्यांशी, दोनदाच खेळतो. त्यामुळे फुकटचे विजय काहींनाच अधिक मिळतात आणि एका विजयाने प्लेऑफ (बाद फेरी) हुकलेल्या जीएमला त्याची झळ बसते. म्हणून प्रत्येक सिमपूर्वी, म्हणजे संगणकाने सामने खेळवण्याआधी, या चारही संघांचे लाइनअप नीट लावणे हे तुझे पहिले काम आहे. संघ तळाला गेला तर ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) वरचा पिक, म्हणजे आधीची पाळी, मिळेल, असे कोणी सुचवेल; ते ऐकू नकोस. हरायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पुढे येणाऱ्या जीएमचा आहे.

ट्रेडच्या, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या, बाबतीत मात्र खरी कसोटी लागते. डिसेंबर 2010 मध्ये एनबीएने न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्स हा संघ स्वतःच विकत घेतला होता. वर्षभराने त्या संघाचा खेळाडू ख्रिस पॉल याला लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे पाठवणारा ट्रेड कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी संघमालकाच्या भूमिकेतून नामंजूर केला आणि काही दिवसांतच पॉल त्याच शहरातल्या क्लिपर्सकडे गेला. संघाच्या हितासाठीच नकार दिला, असे स्टर्न यांनी सांगितले, तरी वाद शमला नाही, कारण न्यायनिवाडा करणारा आणि मालक एकच होता. तुझी जागा नेमकी तीच आहे, शिवाय तुझा स्वतःचाही एक संघ आहे.

माझ्या पहिल्या लीगमध्ये मी एका बेवारस संघाचा फॉरवर्ड माझ्या संघात घेतला होता. मोबदला रास्त होता, असे मला आजही वाटते. पण दोन जीएम त्या आठवड्यात लीग सोडून गेले आणि दोनाचे चार बेवारस संघ झाले. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: कमिशनरच्या संघाशी बेवारस संघाचा ट्रेड कधीच नाही, आणि इतरांशीही शक्यतो नाहीच. सॅलरी कॅपमुळे (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेमुळे) एखादा करावाच लागला, तर तीन जीएमची संमती घ्यावी, आणि त्या तिघांत लाभ होणारा कोणी नसावा. भविष्यातले पहिल्या फेरीचे पिक तर हातही न लावता ठेवावेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एनबीएतल्या क्लीव्हलँड संघाचे मालक टेड स्टेपियन यांनी ते भराभर देऊन टाकले, आणि म्हणूनच पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचा पिक उरणार नाही असे ट्रेड करण्यास एनबीएत बंदी आली.

काहीच न करणे म्हणजे निःपक्षपातीपणा, असे मात्र समजू नकोस. करार संपत आलेला तरुण खेळाडू केवळ प्रस्ताव द्यायला कोणी नव्हते म्हणून फ्री एजंट (कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा) झाला, तर ज्याच्याकडे कॅपची जागा असेल त्याला घबाड मिळते आणि बेवारस संघ ओसाड होतो. किती वयापर्यंतच्या आणि किती रेटिंगच्या खेळाडूला, कितपत मागणीपर्यंत करार वाढवून द्यायचा, हे हंगामापूर्वीच लिहून जाहीर कर. बाहेरच्या फ्री एजंटला एका वर्षाहून मोठा करार देऊ नकोस. ड्राफ्टमध्ये क्रमवारीत सर्वांत वर उरलेला खेळाडू घ्यावा. त्यात तुझी आवडनिवड नको.

या संघांच्या नावाने केलेला प्रत्येक बदल, अगदी एका खेळाडूला वेव्ह केले (संघातून मोकळे केले) तरी, तारीख आणि कारणासह सर्वांना दिसेल असा नोंदव. नवा जीएम आला की तीच वही त्याच्या हाती दे आणि त्या दिवसापासून त्या संघाच्या कारभारातून पूर्ण बाजूला हो. पुढच्या सिमला अजून अवधी असेल, तर आजच चारही संघांचे जखमी खेळाडू आणि संपणारे करार यांची यादी करून मला पाठव. आपण ती मिळून पाहू.

तुझा स्नेहांकित