हक्कसोड करू नका. आधी ठरावाची नक्कल मागा

प्रश्न (धाराशिव जिल्ह्यातून, एका वाचक भगिनीचा): मी विधवा आहे, वय 41. पती 2016 साली वारले, सासरे 2021 मध्ये. सासूबाई नाहीत. गावठाणातली 1,800 चौरस फूट जागा अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. ती त्यांनी स्वतः विकत घेतली होती. पुढच्या बाजूला दिरांनी 2019 मध्ये स्वतःच्या पैशाने स्लॅबचं घर बांधलं. मागच्या बाजूला मी मुलगा (20) आणि मुलगी (16) यांच्यासह कुडाच्या एका खोलीत राहते, वर पाचट आणि ताडपत्री. रेशनकार्ड आणि जॉबकार्ड वेगळं आहे. आवास प्लसच्या (घरकुलाच्या यादीसाठीच्या) सर्वेक्षणात माझं नाव आलं होतं, पण ग्रामसभेत 'पक्के घर आहे' म्हणून वगळलं. 2 ऑक्टोबरची सभा कोरमअभावी तहकूब झाली होती. नंतरच्या सभेला पस्तीस-चाळीस माणसं होती. मी मजुरीला बाहेरगावी होते. सरपंच म्हणतात, 'गावानं ठरवलंय, आता कुणाला बदलता येत नाही. शिवाय तुझ्या मुलाकडे मोटारसायकल आहे. आणि तुला जी मोकळी जागा देणार होतो तिथं अंगणवाडी घेतलीय, गावाची गरज मोठी.' दीर म्हणतात, 'हक्कसोड करून दे, म्हणजे तुझ्या नावावर काही राहणार नाही आणि घरकुल मिळेल.' एक जण दहा हजारांत नाव परत घालून देतो म्हणतो. काय करू?

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात सगळ्यात घाईचं काय असेल तर ते दिरांचं बोलणं. घरकुलाचं पुढे काहीही होवो, हक्कसोडपत्रावर सही करू नका. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं गेलं की संपलं. 'घरकुल मिळालं नाही, म्हणून माझा हक्क मला परत द्या' असं नंतर म्हणता येत नाही. आणि त्या कागदाने घरकुल मिळेल हेही खरं नाही. घरकुल बांधायला जागा लागते, आणि तुमच्याजवळची एकुलती एक जागा तुम्ही त्याच कागदाने सोडून देणार आहात. दिरांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. कदाचित त्यांना हे कुणीतरी खरंच असं सांगितलं असेल. पण फायदा कुणाचा होतो तेवढं मात्र स्पष्ट दिसतं.

तुमचा वाटा किती, तेही बघा. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि त्याची मुलं येतात. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि तुम्हाला एकच नणंद असेल, असं धरून चालू. मग शाखा तीन होतात: दीर, नणंद आणि तुमच्या पतीची शाखा. 1,800 चे तीन भाग केले तर तुमच्या शाखेला 600 चौरस फूट येतात, आणि त्यात तुम्ही, मुलगा, मुलगी सारखे वाटेकरी. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये घराचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट आहे. तुमच्या मागच्या अंगणात ते बसतं. सरपंचांनी दाखवलेल्या मोकळ्या जागेच्या मागे लागायची तुम्हाला गरजच नाही.

मुलगी 16 वर्षांची आहे. अल्पवयीन मुलाच्या स्थावर मालमत्तेतला हक्क आईलासुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. परवानगीविना सोडला, तर तो व्यवहार मुलीच्या मागणीवरून रद्द होऊ शकतो. दिरांना हे शांतपणे सांगा. बऱ्याचदा हक्कसोडीचा आग्रह तिथेच थंडावतो.

आता 'पक्के घर आहे' या शेऱ्याकडे येते. तुमचं खरं भांडण या तीन शब्दांशी आहे, सरपंचांशी नाही. समोरची बाजू अगदीच पोकळ नाही, हे आधी मान्य करू. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्यात, सगळी जागा सासऱ्यांच्या एकाच नोंदीत आहे, आणि त्या नोंदीत स्लॅबचं घर दिसतं. कागद बघणाऱ्याला तुम्हीही त्याच घरातल्या वाटतात. पण योजनेची कसोटी कुटुंब राहतं कुठे ही आहे, आणि कुटुंब म्हणजे ज्यांची चूल एक ते. तुमची चूल वेगळी, रेशनकार्ड वेगळं, जॉबकार्ड वेगळं, आणि राहता त्या खोलीच्या भिंती कुडाच्या. तुमचा हक्क खालच्या जमिनीत आहे. वरचा स्लॅब दिरांनी त्यांच्या पैशाने घातला आहे. अर्जात हे याच क्रमाने लिहा. 'माझ्यावर अन्याय झाला' या वाक्याने सुरुवात केलेला अर्ज बाबूलोक अर्ध्यात सोडतात.

'गावानं ठरवलं' म्हणजे नेमकं काय? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने वैयक्तिक लाभाच्या योजनांचे लाभार्थी निवडण्यात ग्रामसभेला मोठं स्थान दिलं आहे, आणि मला ते योग्यच वाटतं. तालुक्याच्या कचेरीत बसून कुणाचं छप्पर गळतं ते कळत नाही. पण ग्रामसभेला हा अधिकार माहिती पडताळण्यासाठी आहे. कुटुंबाने पक्कं घर बांधलं, आधी दुसऱ्या सरकारी योजनेतून घर मिळालं, कुटुंब कायमचं गाव सोडून गेलं किंवा मुळात चुकीच्या माहितीवर नाव आलं, तर ग्रामसभा ते वगळू शकते. वगळलेल्या नावांची यादी, प्रत्येकापुढे कारणासह, सभेच्या इतिवृत्ताचा भाग असायला हवी. हात वर करून एखादी बाई बेघर आहे की नाही हे ठरत नाही. कूड कूडच राहतो. त्यामुळे ठराव अंतिम आहे, कुणाला बदलता येत नाही, हे सरपंचांचं म्हणणं चूक आहे. वगळण्याविरुद्ध तक्रारीसाठी योजनेतच जिल्हा पातळीवर अपील समिती ठेवली आहे, आणि तिच्यावर जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अधिकारी असतो.

सभेला माणसं कमी होती, हा मुद्दा मात्र सोडून द्या. ग्रामसभेचा कोरम एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी असेल तो. पण कोरमअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला कोरमची अट राहत नाही. गावोगाव कितीतरी ग्रामसभा अशाच उरकल्या जातात. वाईट आहे, पण बेकायदा नाही. बघायचं ते वेगळं आहे: 2 ऑक्टोबरच्या विषयपत्रिकेत घरकुल यादी हा विषय होता का? तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेतलेच विषय घ्यायचे असतात. विषय नंतर घुसडला असेल, तर तो मुद्दा जोरकस आहे. म्हणून विषयपत्रिकेची प्रतही मागा.

मोटारसायकलीचं कारण जुनं झालं. दुचाकी, फ्रिज, लँडलाइन फोन या अटी पूर्वी होत्या. 2024 पासूनच्या नव्या टप्प्यात त्या काढल्या, आणि कुटुंबातल्या कुणाचंही मासिक उत्पन्न 10,000 पेक्षा जास्त नसावं ही मर्यादा 15,000 रुपयांवर नेली. मुलगा नोकरी करत असेल तर त्याची पगाराची पावती आधी तुम्ही बघा. पगार 15,000 च्या वर गेला असेल, तर इतर सगळे मुद्दे भक्कम असूनही प्रकरण अडेल, आणि ते लपवून अर्ज करायला मी सांगणार नाही. 50,000 किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड तुमच्या नावावर असेल तर तेही बाद करतं. सासऱ्यांच्या नावावरचं जुनं कार्ड तुमच्या खात्यात धरता येणार नाही.

अंगणवाडीला विरोध करू नका. तुमची बाजू तिथे कायद्याने कमकुवत आणि गावात त्याहून कमकुवत होईल. गावठाणातली सार्वजनिक जागा सरपंचांना किंवा ग्रामपंचायतीला आपल्या मनाने कुणाला देऊन टाकता येत नाही. त्यामुळे 'तिथं तुला जागा देऊ' या तोंडी शब्दाला तेव्हाही किंमत नव्हती आणि ती जागा गेली म्हणून तुमचं काही गेलंही नाही. पण 'गावाची गरज मोठी, म्हणून तुझं घरकुल नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याला तिथंच अडवा. अंगणवाडीचा निधी निराळ्या वाटेने येतो. घरकुलाची मदत, सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये, केंद्र आणि राज्य 60:40 प्रमाणात देतात आणि हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. ती ग्रामपंचायतीच्या तिजोरीतून जात नाही. तुमचं नाव वगळल्याने अंगणवाडीला एक वीटही जास्त मिळणार नाही.

आता कामाला लागा. ग्रामपंचायतीकडे माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, म्हणून पाल्हाळ नको. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल तर तोही लागत नाही. मागायचं एवढंच: दोन्ही सभांची विषयपत्रिका, इतिवृत्त, हजेरीपट, आणि वगळलेल्या नावांची कारणांसह यादी, सर्व साक्षांकित प्रतींत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पंचायत समितीत पहिलं अपील.

त्या नकलेची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि स्थळपाहणीची मागणी करा. सोबत रेशनकार्ड, जॉबकार्ड, वेगळं वीज मीटर असेल तर त्याचं बिल आणि खोलीचे फोटो जोडा. पोच घ्या, त्यावर शिक्का आणि तारीख हवी. नुसतं 'साहेबांना भेटून आले' याला काही अर्थ नाही. अर्जात एकच विनंती असू द्या: प्रत्यक्ष पाहणी करून वगळण्याचं कारण तपासावं आणि नाव पूर्ववत करावं.

नमुना 8 चं कामही आत्ताच काढा. मागच्या खोलीची वेगळी नोंद घेऊन भोगवटादार (प्रत्यक्ष राहणारी) म्हणून तुमचं नाव लावावं, असा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवकांकडे द्या. नमुना 8 मालकीचा पुरावा नसतो, तो कराचा उतारा आहे. पण पाहणीला आलेला माणूस पहिल्यांदा तोच मागतो. दीर आणि नणंद तयार असतील तर नोंदणीकृत वाटणीपत्र सगळ्यात उत्तम. वाटणीपत्रालाही मुलीच्या वाट्याचा विचार करूनच मसुदा करावा लागेल, तो वकिलाकडून करून घ्या. दीर वाटणीला राजी नसतील, तर निदान मागच्या तीनशे फुटांवर तुम्ही बांधायला हरकत नाही, असं संमतीपत्र मागा. तेही नाही म्हणाले, तर वाटपाचा दावा उरतो. तो वर्षानुवर्षं चालतो, म्हणून मी तो शेवटी ठेवते. मध्यंतरी जागेचं अडलंच, तर जागा नसलेल्या पात्र कुटुंबांना 500 चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला मदत करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना राज्यात आहे. पण तुमचा वाटा जिवंत असताना त्या वाटेने जाऊ नये, असं माझं मत.

पुढच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. तिथे हा विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. चार बायकांनी 'ही मागच्या छपरात राहते, आम्ही रोज बघतो' एवढं लिहून दिलं, तर पुढे ते फार उपयोगी पडतं. पत्रात तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गासाठी मोदी आवास, अशा राज्याच्या योजना आहेत. पंचायत समितीत तुमच्यासाठी कोणती लागू होते ते विचारा. लाभ मात्र एकाच योजनेचा मिळतो.

गटविकास अधिकाऱ्यांनी दाद दिली नाही, तर जिल्ह्याच्या अपील समितीकडे जा. तिथेही काही झालं नाही, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका. न्यायालय तुम्हाला थेट घर देणार नाही. कारण न देता किंवा पाहणी न करता नाव काढलं असेल, तर 'पुन्हा विचार करा, बाईंचं म्हणणं ऐका, कारणं लिहा' असा आदेश मिळू शकतो, आणि अशा प्रकरणात तेवढा बहुधा पुरतो. वकिलाच्या फीची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय आहे, आधार कार्ड आणि हे सगळे कागद घेऊन तिथे जा. वाटणीपत्राचा किंवा संमतीपत्राचा मसुदाही त्यांनाच विचारा.

दहा हजार मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्यालाच संरक्षण मिळतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064 आहे.

आणखी एक, पाऊस येण्याआधी. पाचट काढून वर पत्रे टाकायचा विचार असेल, तर स्थळपाहणी होईपर्यंत थांबा. थांबणं शक्यच नसेल, तर आधी आतून-बाहेरून, भिंती आणि छप्पर दिसतील असे तारखेसकट फोटो काढून घ्या. सर्वेक्षणात लोखंडी पत्र्याचं छत पक्क्यात धरलं जाऊ शकतं. मग आज खोटा असलेला तो शेरा उद्या अर्धा खरा ठरेल.