पहिल्यांदाच डोंगरावरच्या वायनरीत चाललायस ना, मग एवढं लक्षात ठेव

अरे टेन्शन घेऊ नकोस, वाइनमधलं काही कळत नाही म्हणून कोणी हसत नाही तिथे. सगळ्यात आधी गाडी कोण चालवणार ते ठरव, कारण टेस्टिंगचा पेग छोटा दिसतो पण ५० मिलीचे ५ ग्लास म्हणजे २५० मिली, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीचा सरळ तिसरा हिस्सा पोटात गेला, आणि त्यावर घाटाची वळणं उतरायची! जो चालवणार त्याने प्यायचीच नाही, "एकच घोट" वगैरे काही नाही.

नवीन लोक नेहमी करतात त्या चुका:

- उपाशीपोटी जाणं. जेवून जा, मधे मधे पाणी पीत राहा.
- भरपूर परफ्यूम मारून जाणं. अर्धी मजा वासात असते, तुझ्यासकट शेजारच्याचीही जाते.
- प्रत्येक ग्लास संपवणं. समोर भांडं ठेवलेलं असतं ते थुंकायला आणि उरलेली ओतायलाच, बिनधास्त वापर (मला पहिल्या वेळी लाज वाटली होती, संध्याकाळी डोकं धरून बसलो).
- एका दुपारी तीन वायनरी. एकच कर, निवांत बस.

हलकी व्हाइट आधी, जड रेड नंतर, ते लोक त्याच क्रमाने देतात. ग्लास दांडीला धर, थोडा फिरव, वास घे, मग घोट. उंचीवर ऊन जास्त लागतं आणि सूर्य कलला की एकदम गार होतं, तेव्हा टोपी आणि जॅकेट दोन्ही ने. बाकी टॅनिन (वाइनचा तुरटपणा), ओक (वाइन मुरवायची लाकडी पिंपं) वगैरे पुढच्या वेळी सांगतो. बुकिंग मात्र आधीच करून ठेव.