हा अनुभव मोडीत घालू नका

प्रश्न : मुलगी बर्मिंगहॅमला मार्केटिंगमध्ये एम.एस्सी. झाली. नंतर चौदा महिने ‘क्लेअर्स’ या फॅशनच्या दागिन्यांच्या साखळीच्या दुकानात होती. कंपनी बुडाली, तिचं दुकान बंद झालं. ती कानातली विकते हे आम्ही नातेवाइकांना सांगितलंच नव्हतं. परत बोलावून बँकेच्या परीक्षांना बसवावं का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या दोन पानी पत्रात नातेवाईक चारदा आलेत, तिचा थकलेला पगार एकदाही नाही. आधी तो बघू.

ऑगस्ट २०२५ मध्ये क्लेअर्सचा ब्रिटनचा कारभार प्रशासकांकडे, म्हणजे बुडीत कंपनी सांभाळायला नेमलेल्या लोकांकडे गेला, तेव्हा ब्रिटन-आयर्लंड मिळून ३०६ दुकानं आणि २१५० माणसं होती. अमेरिकेतल्या मूळ कंपनीचं २०१८ नंतर हे दुसरं दिवाळं. २००७ मध्ये अपोलो या अमेरिकी गुंतवणूक कंपनीनं ती कर्ज काढून विकत घेतली आणि कर्ज कंपनीच्याच डोक्यावर ठेवलं. गल्ल्यावरच्या पोरीचा यात काय दोष?

नोकरीची दोन वर्षं भरलेली नाहीत, त्यामुळे कपातीची कायदेशीर भरपाई मिळणार नाही. पण थकलेला पगार, शिल्लक रजांचे आणि आठवड्याच्या नोटिशीचे पैसे सरकारी नॅशनल इन्शुरन्स फंडातून ठरावीक मर्यादेत मागता येतात. अर्ज ऑनलाइन करायचा. त्यासाठी ‘सीएन’नं सुरू होणारा क्रमांक प्रशासकांकडून घ्यायचा. पगाराच्या स्लिपा तिला आजच उतरवून घ्यायला सांगा. कंपनीचं लॉगिन कधी बंद पडेल, भरवसा नाही.

ती ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे तिथलं शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या व्हिसावर असेल, तर तो मालकाशी बांधलेला नसतो. नोकरी गेली तरी मुदतीपर्यंत चालतो. पुढे राहायचं तर स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगारांचा व्हिसा लागेल आणि काउंटरवरच्या कामावर तो मिळत नाही. म्हणून दुसरं दुकान धरावं ते घरभाड्यापुरतं. अर्ज करावेत मर्चंडायझिंगच्या, म्हणजे दुकानात कुठला माल किती ठेवायचा हे ठरवण्याच्या जागांसाठी, तिथे आणि मुंबईतही.

ती कान टोचायची का? आपल्याकडे त्याला सोनार लागतो, तिथे ते काउंटरवरची मुलगी करते. पालकांची सही घ्यायची, हातमोजे चढवायचे, पेनानं दोन्ही पाळ्यांवर ठिपके देऊन आरशात दाखवायचे. एक कान टोचला की पोर भोकाड पसरते आणि दुसरा बाकीच असतो. हे ज्या मुलीनं निभावलं, तिच्या बायोडेटात नुसतं ‘सेल्स असिस्टंट’ लिहिलेलं मला चालणार नाही.

बँकेचं तुम्ही म्हणताय की ती? पीओच्या (बँकेतल्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या) परीक्षेला तिशीपर्यंत मुभा असते, तिकीट काढायची घाई नको. तूर्त तिला फोन करा आणि विचारा, दुकानात कुठल्या आठवड्यात काय हातोहात संपायचं, काय धूळ खात पडायचं. ते जसंच्या तसं लिहून मला पाठवा. बायोडेटा त्यावरूनच करू.