आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर इंग्लंडला जातोय. दोघंही नोकरी करणार. मुलीला सरकारचे ३० तास मोफत पाळणाघर मिळेल का?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: नवऱ्याला रेडिंगला नोकरी लागली आहे, तुम्ही डिपेंडंट म्हणून जाऊन तिथे काम शोधणार, मुलीचा जन्म मे २०२४ चा. आणि आठवड्याचे ३० तास सरकार भरणार असं धरून तुम्ही महिन्याचा खर्च मांडलाय. तो कागद आधी फाडा. योजना शंभर टक्के खरी आहे, पण तुमच्या व्हिसावर ती मिळत नाही. निदान या मुलीसाठी तरी नाही.

योजना काय ते आधी सांगते, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धवटच फिरतं. इंग्लंडमध्ये (फक्त इंग्लंडमध्ये, स्कॉटलंड, वेल्सचे नियम निराळे) तीन आणि चार वर्षांच्या सगळ्याच मुलांना आठवड्याला १५ तास मिळतात, आईबाप कमावते असोत नसोत. कमावत्या आईबापांना या वयासाठी ३० तास २०१७ पासून मिळू लागले. मग मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी वय खाली आणायचं जाहीर केलं. एप्रिल २०२४ पासून दोन वर्षांच्या मुलांना १५ तास, सप्टेंबर २०२४ पासून नऊ महिन्यांच्या बाळापासून १५ तास, आणि सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांपासून थेट शाळेत जाईपर्यंत पूर्ण ३० तास. अट अशी की आई आणि बाप दोघांनीही आठवड्याला किमान १६ तासांच्या किमान वेतनाइतकं कमवायला हवं. २०२५-२६ च्या दराने ते वर्षाला सुमारे १०,१५८ पौंड होत होते. इथपर्यंत तुमचं सगळं जुळतं, म्हणून तर फसायला होतं.

अडतं ते पुढच्या ओळीत. दोघांपैकी किमान एकाकडे ब्रिटिश किंवा आयरिश नागरिकत्व, सेटल्ड वा प्री-सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटनंतर मुख्यतः युरोपीय नागरिकांना मिळालेला राहण्याचा दर्जा), नाहीतर सरकारी निधी, म्हणजे सरकारी भत्ते-सवलती, घेण्याची परवानगी असावी लागते. स्किल्ड वर्कर आणि त्याचा डिपेंडंट, दोघांच्याही व्हिसावर ती परवानगी नसते. पूर्वी प्लास्टिकचं कार्ड यायचं त्यावर ‘नो पब्लिक फंड्स’ छापलेलं असायचं. आता ई-व्हिसा आहे. लॉगिन करून आपलं स्टेटस उघडलंत की काय करता येतं, काय नाही याची यादी येते, त्यात ही ओळ सापडेल. तुम्ही दोघं मिळून लाख पौंड कमवा, टॅक्स भरा, नॅशनल इन्शुरन्स भरा, या ओळीपुढे काही चालत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्यांच्या पगारातून योजना चालते त्यांच्याच पोरांना दार बंद. पण मला काय वाटतं यावर तुमची नर्सरीची, म्हणजे इथल्या पाळणाघराची, फी कमी होणार नाही.

आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, मिळाल्यावर हे सगळं सुटतं. पण तारखा बघा. पाच वर्षांच्या नियमाने धरलं तरी २०३१ उजाडेल; आणि २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ती मुदत दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव आलाय. तुमची मुलगी सप्टेंबर २०२८ मध्ये रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात बसेल. ३० तासांची गाडी तिच्यासाठी येणारच नाही.

मिळणार काय, तर ते सगळ्यांसाठीचे १५ तास. ते व्हिसा बघत नाहीत. ते घेतल्याने व्हिसाच्या अटीचा भंगही होत नाही, त्यामुळे घाबरून सोडू नका. इथे कितीतरी जण उगाच सोडतात. फक्त ते तिसऱ्या वाढदिवसाला सुरू होत नाहीत, त्यानंतरच्या टर्मला होतात. तुमची लेक मे २०२७ मध्ये तीन वर्षांची होईल, तास १ सप्टेंबर २०२७ पासून. म्हणजे तुमच्या वाट्याला एक वर्ष. यासाठी ३० तासवाल्यांसारखा सरकारी कोडबिड (अर्ज मंजूर झाल्यावर मिळणारा क्रमांक) लागत नाही. नर्सरीत मुलीचा पासपोर्ट दाखवायचा आणि त्यांचा फॉर्म सही करून द्यायचा.

आता ‘१५ तास’ म्हणजे प्रत्यक्षात किती? हे आठवडे वर्षाचे ५२ नसतात, शाळेचे ३८ असतात. एकूण ५७० तास. नोकरी करणाऱ्यांना ३८ आठवडे घेऊन काय करायचं, म्हणून बऱ्याच नर्सऱ्या ते वर्षभर पसरून देतात. मग आठवड्याला साधारण ११ तास पडतात. नर्सरीचा दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दहा तासांचा. थोडक्यात, आठवड्याचा एक दिवस सरकारचा, बाकी तुमचे. ३० तासवाल्यांचंही असंच. पसरल्यावर २२ तास, म्हणजे दोन दिवस आणि थोडं वर. फुल टाइम मोफत पाळणाघर हा प्रकार इथे कोणालाच नाही.

शिवाय मोफत तासांचं बिल येतं! आमच्या मुलाचे १५ तास सुरू झाले तेव्हा पहिल्या महिन्याच्या बिलात वर सरकारी तास वजा केलेले, आणि खाली एक नवीन ओळ: ‘कन्झ्युमेबल्स’, दर दिवसाला अमुक पौंड. विचारलं तर म्हणे जेवण, डायपर, वाइप्स, सनक्रीम. आमचं पोर तोवर डायपरमधून बाहेर पडलं होतं. नियम असा आहे की हे पैसे ऐच्छिक असले पाहिजेत. डबा आणि सनक्रीम घरून देतो म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्या कारणावरून जागा नाकारता येत नाही. मी मेल लिहिला, जेवण ठेवलं, बाकी काढायला लावलं. नर्सरीची बाजूही आहे, नाही असं नाही. २०२५-२६ मध्ये केंद्र सरकार काउन्सिलला (स्थानिक पालिकेला) तासाला सरासरी दोन वर्षांखालच्या मुलासाठी ११.५४ पौंड देत होतं, दोन वर्षांच्याला ८.५३ आणि तीन-चार वर्षांच्याला ६.१२. मोठ्या मुलांच्या दरात भागत नाही अशी नर्सऱ्यांची ओरड असते, आणि खड्डा भरला जातो पूर्ण पैसे भरणाऱ्यांकडून. म्हणजे तुमच्याकडून.

तर खरा हिशेब. आमच्या भागात नर्सरीच्या पूर्ण दिवसाला ८० ते ९० पौंड पडतात. पाच दिवस लावलेत तर महिन्याला १,७०० ते १,९५०. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर नावाची दुसरी सवलत (तुम्ही ८ पौंड भरा, सरकार २ घालतं, मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त २,०००) तीही तुमच्या व्हिसावर नाही. तुमच्या पहिल्या नोकरीचा हातात येणारा पगार आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहा. कित्येक जणींचं उरतं शे-दोनशे. तरीही मी म्हणेन नोकरी घ्या, सीव्हीत तीन वर्षांची फट पडण्यापेक्षा ते बरं. पण डोळे उघडे ठेवून घ्या.

खर्च खाली आणायला माझ्या मते सगळ्यात कामाची वाट म्हणजे चाइल्डमाइंडर. ऑफस्टेडकडे (शाळा-पाळणाघरं तपासणारं सरकारी खातं) किंवा एजन्सीकडे नोंदणी असलेली बाई आपल्या घरी तीन-चार मुलं सांभाळते. आपल्याकडच्या सोसायटीतल्या पाळणाघरवाल्या काकूंसारखंच, फक्त तपासणी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण वगैरे रीतसर. तासावर पैसे, त्यामुळे नर्सरीसारखा पूर्ण दिवस भरावा लागत नाही. काउन्सिलच्या वेबसाइटवर भागातल्या चाइल्डमाइंडरांची माहिती मिळते. लेक तीनची झाली की सरकारी प्राथमिक शाळेला जोडलेला नर्सरी वर्ग बघा. तिथे रोज तीन तास, आठवड्याचे बरोबर १५, आणि फी नाही. पण पोरगी दुपारी बाराच्या आतच बाहेर! मग चाइल्डमाइंडरच तिला शाळेतून आणते, असं जोडकाम इथे बरेच करतात.

आजी-आजोबांचं विचाराल, म्हणून आधीच सांगते. आईला व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आणता येतं आणि नातीसोबत राहून तिला सांभाळलं तर हरकत नसते. पण ती भेटच असायला हवी. दर वर्षी सहा महिने पाळीपाळीने आजी मागवायची, हे पाळणाघर आहे असं अधिकाऱ्याला वाटलं की पुढचा व्हिसा अडतो. अर्जात ‘बेबीसिटिंगसाठी’ लिहिणारे महाभाग मी पाहिलेत.

आयएलआर झालेले किंवा जोडीदार ब्रिटिश असलेले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: अर्ज टर्मच्या आधी, म्हणजे ३१ ऑगस्ट, ३१ डिसेंबर, ३१ मार्च या तारखांच्या आत करा, आणि कोड दर तीन महिन्यांनी ताजा करायला विसरू नका. दोघांपैकी एकाचंही करपात्र उत्पन्न लाखाच्या वर एक पौंड गेलं तर ३० चे १५ होतात, आणि मूल तिनाच्या आतलं असेल तर शून्य. दोघांचे प्रत्येकी ९९ हजार असले तर चालतं, एकाचे १०१ चालत नाहीत. पेन्शनमध्ये जास्त घालून आकडा लाखाखाली आणणारे आयटीवाले ढिगाने आहेत, आणि ते कायदेशीर आहे.

तुमच्यासाठी आणखी एकच. तिथे पोचल्यावर कोणीतरी सांगेलच, चाइल्ड बेनिफिटचा (मुलामागे मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा) फॉर्म भरून टाका, सगळ्यांना मिळतो. तुम्हाला नाही मिळत. तो सार्वजनिक निधीत मोडतो आणि घेतला तर व्हिसाच्या अटीचा भंग होतो. तो फॉर्म भरू नका. नर्सरीच्या वेटिंग लिस्टमध्ये मात्र पुण्यातूनच नाव घाला, काही ठिकाणी सहा-सहा महिने जागा मिळत नाही. आणि नोंदणीचे पैसे परत मिळतात का, सोडताना किती आठवड्यांची नोटीस द्यायची, हे पैसे भरण्याआधी मेलवर लिहून घ्या.