फुकट रेशन मिळत होतं, मग शाळेतली खिचडी बंद झाल्यानं काय बिघडलं?

तुमचा प्रश्न असा आहे: लॉकडाऊनमध्ये माणशी ५ किलो धान्य फुकट होतं, शाळेचा तांदूळही घरी मिळत होता, मग गरिबांच्या मुलांचे खाण्याचे हाल झाले असं का म्हणतात?

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. त्या दोन वर्षांत मी शिकवलं कमी आणि तांदूळ जास्त मोजला, म्हणून लिहितो.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. धान्य आलं. एप्रिल २०२० पासून नेहमीच्या रेशनवर माणशी ५ किलो जास्तीचं मिळू लागलं. ज्यांची नावं कार्डावर होती त्यांच्या घरात तांदूळ-गहू कमी पडला नाही. खोच त्या ‘नावं होती’मध्येच आहे. आमच्याकडे कितीतरी कार्डांवर धाकट्या लेकराचं नाव चढलेलंच नव्हतं. अर्ज दिलेला, आधार दिलेलं, ‘होऊन जाईल’ असं सांगितलेलं. म्हणजे जे लेकरू सगळ्यात लहान, त्याचेच ५ किलो नाहीत. पण ते सोडा, मुख्य गोष्ट वेगळी आहे.

खिचडी म्हणजे नुसता तांदूळ नाही. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असा हिशेब असतो. सहावी ते आठवीला त्याच्या दीडपट. शिवाय आठवड्यातून एकदा केळं, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू असं काहीतरी. मापात कधी मारलं जातं, भाजी म्हणून दोन टमाटे पडतात, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी दुपारी एक गरम जेवण, तेही लेकराच्या स्वतःच्या ताटात, रोज पडत होतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिजवणं थांबलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्वतःहून दखल घेतली आणि पोषण आहार थांबू नये म्हणून राज्यांना विचारणा केली. मग कोरडा शिधा द्यायचं ठरलं. आमच्या शाळेत आला तो तांदूळ आणि कडधान्य. तेल, तिखट, मीठ, भाजी नाही. कधी वेळेवर आला, कधी दोन महिन्यांचा एकदम.

वाटपाचा पहिला दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. शाळेच्या व्हरांड्यात चुन्याचे गोल आखलेले, किराणा दुकानातून मागून आणलेला काटा, आणि आया थैल्या घेऊन उन्हात उभ्या. एकीच्या थैलीत मी दोन किलोच्या वर थोडा तांदूळ आणि मुगाची पुडी टाकली. तिनं थैली हातानं तोलून पाहिली आणि म्हणाली, ‘‘सर, लेकरू एक अन् घरी खानारे सहा. मंग याचा भात येगळा शिजवू का आता?’’

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या बाईनं तिथंच देऊन टाकलं होतं. शाळेत महिनाभर पुरणारा लेकराचा वाटा घरच्या गंजात (पातेल्यात) पडला की दोन दिवसांत संपतो. यात आईची काही चूक नाही. घरात म्हातारी आहे, मजुरी बंद झालेला बाप आहे, पुण्याहून पायी परत आलेला दीर आहे. ताट वाढताना कोण बघणार की मूग शाळेचा होता?

मग मुलं खात काय होती? गृहभेटीला जायचो तेव्हा जे दिसलं ते सांगतो. सकाळी कोरा चहा, त्यात शिळी पोळी नाही तर टोस्ट. दुपारचं जेवण जवळजवळ गायबच, कारण दुपारचं शाळेत व्हायचं आणि घराला ती सवयच नव्हती. संध्याकाळी भात आणि पाण्यासारखं वरण, नाही तर भाताबरोबर नुसतं तिखट-मीठ. पहिल्या लाटेत रेशनवर घरटी महिन्याला एक किलो डाळ मिळत होती, ती नोव्हेंबर २०२० पर्यंत. २०२१ मध्ये फुकट धान्य पुन्हा सुरू झालं तेव्हा डाळ नव्हती. जूनचा पाऊस पडल्यावर तरोटा, घोळ, अंबाडी मिळाली, तेवढे दिवस ताटात हिरवं दिसलं. उन्हाळ्यात तेही नाही. ज्वारी तर आमच्या भागातून कपाशी-सोयाबीननं कधीच हुसकावली, त्यामुळे कण्या-भाकर हा आधारही आता मोजक्याच घरांत उरलाय.

तेलाचं तर विचारूच नका. आमच्याच लोकांनी हंगामात क्विंटलला चार हजाराच्या आसपास भावानं सोयाबीन विकलं आणि पुढच्या उन्हाळ्यात सोयाबीनचंच तेल किलोला दीडशेच्या वर भाव देऊन पाव-पाव किलो आणलं.

मोठी पोरं कापूस वेचायला जाऊ लागली. शाळा बंद, किलोवर मजुरी, आठवड्याला हातात पैसे. त्यातला काही भाग खाऊच्या पाच रुपयांच्या पाकिटांवर जायचा. पोट भरल्यासारखं वाटतं, दुसरं काय.

आणि एक किस्सा, राग आला तर येऊ द्या. २०२१ च्या उन्हाळी सुट्टीतला आहार शिधा म्हणून न देता पैशात द्यायचं ठरलं. पाचवीपर्यंत १५६ रुपये, सहावी ते आठवीला २३४, तेही ३५ दिवसांचे. त्यासाठी मुलाच्या नावावर बँकेत खातं हवं. एका बापानं पोराला घेऊन तालुक्याला दोन चकरा मारल्या. फोटो, झेरॉक्स, भाडं आणि बुडालेल्या दोन मजुऱ्या मिळून किती झाले ते त्यानं मला बोटांवर मोजून दाखवलं. मी आकडा विसरलो, पण १५६ मध्ये बसणारा नव्हता.

आमची खिचडी शिजवणारी मावशी त्या काळात रोजानं शेतात निंदायला जायची. तिचं मानधन तेव्हा महिन्याला १५०० रुपये होतं. ती मला रस्त्यात भेटली की एकच विचारायची, ‘‘सर, चूल कवा पेटते?’’

पेटली मार्च २०२२ मध्ये. तोपर्यंत जून २०२० ला पहिलीत नाव घातलेली मुलं दुसरी संपवत आली होती आणि शाळेच्या पंगतीत एकदाही बसलेली नव्हती. मावशीनं मटकीची खिचडी वाढली. एक पोरगं ताट पुढ्यात घेऊन तसंच बसून राहिलं. मी म्हटलं, खा की. तर म्हणतो, ‘‘सर, हे घरी न्याचं हाय ना?’’

इथंच खायचं, सगळं तुझंच, असं सांगितल्यावर त्यानं तीनदा मागून घेतली.