ज्यांच्यामुळे घर सुटलं, त्यांचीच भाषा?

प्रश्न : माझी नात जर्मन शिकते. तिला वर्गात रूथ क्ल्यूगर या प्राध्यापिकेवर बोलायचंय, त्यामुळे रोज रात्री जेवताना त्यांच्याच गोष्टी. लहानपणी छळछावणीत काढलेली ही ज्यू बाई पुढे अमेरिकेत जर्मन साहित्यच शिकवत राहिली, हे काही माझ्या पचनी पडत नाही. नात म्हणते, त्यांनी माफ केलं. खरं का? त्यापेक्षा आपल्या बडोद्याच्या म्युझियमच्या जर्मन गोएट्झसाहेबांवर बोल म्हटलं, तर ऐकत नाही. आणि जर्मन घेऊन पुढे तिचं होणार काय?
– एक आजोबा, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : काका, मी जर्मन शिकवत होते तेव्हा हा प्रश्न हमखास यायचा, आणि विचारणारी मुलं बहुतेक घरच्यांचा निरोप घेऊन आलेली असायची. नातीला सांगा, ‘माफ केलं’ हे वाक्य आधी खोड. क्ल्यूगरबाई माफ करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचे वडील आणि सावत्र भाऊ मारले गेले, आणि त्याबद्दल त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही.

मुळात जर्मन ही बाईंच्या लेखी छळणाऱ्यांची भाषा नव्हतीच. बाईंचा जन्म १९३१चा, व्हिएन्नातला. बोबडे बोल जर्मन, पाठ केलेल्या कविता जर्मन. १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतला आणि ज्यू मुलांना बागा बंद, सिनेमा बंद, शाळेचंही काही खरं राहिलं नाही. घरात बसून वाचायचं, एवढंच उरलं. १९४२मध्ये आईबरोबर टेरेझिनश्टाटच्या नाझी छावणीत रवानगी झाली तेव्हा त्यांना अकरावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

१९४४मध्ये ऑशविट्झ. तिथे हजेरीला तासन्‌तास उन्हात उभं करत. ही पोर मनातल्या मनात शिलर या जर्मन कवीची लांबलचक कथाकाव्यं म्हणायची. एक ओळ संपली की पुढची आठवायची, त्या नादात चक्कर येऊन पडायचं राहून जायचं. आपल्याकडे अंधारात रामरक्षा म्हणतात ना, तसंच. फक्त इथे देवाच्या जागी यमक होतं. शिलरचे उदात्त विचार तिथे कामी आले, असं कुणी सांगितलं तर नातीने मान डोलवू नये. कामी आला तो ताल.

पुढे मजुरीसाठी बायका निवडताना पंधराच्या खालच्या मुली बाजूला काढत होते. रूथ बाराची. नोंदी करणारी तरुण बाई स्वतः कैदीच होती. तिने हळूच सांगितलं, पंधरा सांग. अधिकारी म्हणाला, ही फारच लहान दिसते. त्यावर तीच बाई म्हणाली, पाय बघा, मजबूत आहेत. ओळख ना पाळख. जीव वाचला तो एवढ्यावर. १९४५मध्ये कैद्यांना पायी हाकत नेत असताना मायलेकी निसटल्या आणि १९४७मध्ये न्यूयॉर्कला पोचल्या.

इथून पुढे नातीने घाई करू नये. बाई अमेरिकेत उतरल्या आणि जर्मनच्या वर्गात जाऊन उभ्या राहिल्या, असं झालेलं नाही. कॉलेजात त्या इंग्रजी शिकल्या. मग लग्न, दोन मुलगे, ग्रंथालयातली नोकरी, घटस्फोट. बर्कलीहून जर्मनमधली डॉक्टरेट मिळाली ती १९६७मध्ये, पस्तिशीत. नंतर प्रिन्स्टनला आणि कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनला प्राध्यापक झाल्या. मोठमोठ्या जर्मन लेखकांनी ज्यू पात्रं कशी रंगवली, हे त्यांनी असं उलगडून दाखवलं की अनेकांना ते झोंबलं असणार. मला त्यांची सगळ्यात आवडणारी बाजू तीच.

१९८८मध्ये त्या जर्मनीत ग्योटिंगेनला होत्या. रस्त्यात सायकलवाल्या मुलाने धडक दिली, डोक्याला जबर मार बसला. अंथरुणावर पडल्यापडल्या जुनं सगळं वर यायला लागलं. त्यातून आत्मकथन झालं, तेही जर्मनमध्ये. १९९२मध्ये छापलं गेलं. आई हयात असेपर्यंत त्यांनी ते इंग्रजीत येऊ दिलं नाही. २०००मध्ये आई गेली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःच ते इंग्रजीत नव्याने लिहून काढलं. नातीने दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत, मजकुरात फरक आहे. २००८मध्ये व्हिएन्ना शहराने या पुस्तकाच्या १ लाख प्रती फुकट वाटल्या. ज्या गावाने हाकललं त्याच गावाने! २०२०मध्ये बाई वारल्या.

गोएट्झसाहेबांचं म्हणाल तर इथे नातीचं बरोबर आहे. ते १९३६मध्ये भारतात आले, कमाटीबागेतलं म्युझियम त्यांनी नावारूपाला आणलं, सगळं मान्य. पण ते कलेचे इतिहासकार. साहित्याच्या तासाला त्यांना कशाला ओढायचं?

राहिली नोकरी. बी-टूची, म्हणजे जर्मनच्या वरच्या पातळीची, परीक्षा होईपर्यंत तो विषय काढू नका. त्यानंतर शिकवणं आहे, भाषांतर आहे, बडोद्यात जर्मन कंपन्यांची ऑफिसं आहेत. पण नुसत्या भाषेवर कोण ठेवून घेणार? जोडीला काहीतरी शिकू द्या तिला. क्ल्यूगरबाईंनीसुद्धा ग्रंथालयशास्त्र करून ठेवलं होतं.