विंडोज १० वरून ११ वर आल्यावर जुना अँटिव्हायरस ठेवावा की नवा घ्यावा?

घरच्या वापरासाठी वेगळा विकत घ्यायची गरज मला वाटत नाही. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस आधीपासूनच असतो, फुकट असतो आणि विंडोज अपडेटबरोबर ताजा होत राहतो.

खरी गडबड जुन्या अँटिव्हायरसमुळे होते. तो चालू असेल तर डिफेंडर आपोआप बाजूला होतो. त्याची मुदत संपली असेल, तर आपण सुरक्षित आहोत असं नुसतं वाटत राहू शकतं. म्हणून तो आधी काढून टाका. नेहमीच्या पद्धतीने काढूनही काही भाग उरतात, त्यासाठी बहुतेक कंपन्या स्वतःचं रिमूव्हल टूल देतात. मग मशीन रीस्टार्ट करा आणि विंडोजमधलंच ‘विंडोज सिक्युरिटी’ हे अ‍ॅप उघडून रिअल-टाइम प्रोटेक्शन (म्हणजे सतत चालणारी तपासणी) चालू आहे ना, ते स्वतः पाहा. दोन अँटिव्हायरस एकत्र मात्र कधीच चालवू नका, ते एकमेकांच्या फाइलींवर संशय घेतात आणि मशीन रडतखडत चालतं.

तिथेच रॅन्समवेअरपासून (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्रॅम) बचावासाठी ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ आहे, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमला महत्त्वाच्या फोल्डरमधल्या फाइली बदलू न देणारी सोय, ते सहसा बंद असतं. चालू करा, एखादं नेहमीचं सॉफ्टवेअर अडलं तर त्याला परवानगी देता येते.

मुलांवर देखरेख किंवा अनेक उपकरणं एकाच ठिकाणाहून सांभाळायची असतील, तरच पैसे मोजा. आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवाच. काम झालं की ती डिस्क काढून ठेवा.